कधीपासून होतंय हे?

३ मार्च, सोमवार

साहेबांनी आज सगळ्यांना कँटीनमध्ये उभं केलं. बसायला सांगितलं नाही, तेव्हाच ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय. बातमी चांगली असली की हा माणूस बिस्किटं मागवतो.

'सर्वांसाठी एक विमा' हे विधेयक याच अधिवेशनात येणार म्हणे. आलं तर सरकारच सगळ्यांचा विमा उतरवणार. आणि त्यात एक कलम असं, की आजार जुना का नवा हे कुणी कुणाला विचारायचं नाही! दवाखान्यात आलेला माणूस आजारी आहे, एवढं पुरे. म्हणजे आमच्या विमा कंपनीचं पडताळणी खातं बंद. सरळ सांगायचं तर माझा प्रश्नच बेकायदेशीर.

त्याआधी जनसुनावण्या होणार आहेत. कुणीही जावं, बाजूने किंवा विरुद्ध बोलावं. साहेब म्हणाले, "तुम्हीही नागरिक आहात. नागरिक म्हणून जा, नागरिक म्हणून बोला." नागरिकांनी काय बोलायचं ते टाइप करून मिळणार आहे.

मला सरकारचा भरवसा नाही. एका दाखल्यासाठी चार खिडक्या फिरवणारे लोक उद्या माझं पोट कापणार? आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, अशी गत व्हायची. पण साहेबांचाही भरवसा नाही. भाषणात 'आपलं कुटुंब' तीनदा आलं. कंपनी कुटुंब म्हणायला लागली की समजावं, कुणाला तरी घराबाहेर काढायचंय.

६ मार्च, गुरुवार

आज वॉर्डात माझ्याबरोबर लंबू होता. आमच्या खात्यातला सगळ्यात उंच माणूस, आणि सगळ्यात आळशी. काम माझ्याकडेच शिकला. अजून वॉर्डात शिरला की आधी केसपेपर मागतो. अरे बाबा, कागद कुणीही रंगवतं! आधी कॉटखाली बघावं. खरा रोगी असला की त्याच्या चपला दोन दिवसांत मागे भिंतीपर्यंत सरकलेल्या असतात, कारण त्यांची गरजच पडत नाही. नुसता कागदावर भरती झालेला असेल तर चपला पुढे, दाराकडे तोंड करून.

आजचा बेकरीवाला खरा होता. चपला पार भिंतीला. मग मी स्टूल ओढलं, कॉटच्या दांडीवर हात ठेवला आणि विचारलं, "कधीपासून होतंय हो हे?"

हा माझा प्रश्न. आवाज मऊ ठेवायचा, घाई करायची नाही. बिचाऱ्यांना कुणी विचारलेलंच नसतं. घरचे कंटाळलेले, डॉक्टर घाईत. कुणीतरी आपलं म्हणून विचारतंय म्हटल्यावर माणूस भडाभडा बोलतो. बेकरीवाला म्हणाला, "तीन वर्षं झाली बघा, भट्टीपाशी वाकलं की कळ यायची." झालं! विमा काढून वर्ष झालंय त्याला. पहिल्या दोन वर्षांची मुदत संपायच्या आत जुनं झालेलं दुखणं आमच्याकडे कधीच बसत नाही. आत्ता नाही, पुढेही नाही. मुदतीत बसतं ते फक्त अचानक आलेलं, चार-आठ दिवसांचं.

लंबू बाहेर आल्यावर म्हणाला, "बाई, तुम्ही विचारलंत की मलासुद्धा सांगावंसं वाटतं." मला हे कौतुक वाटलं.

जेवताना ताईला हा किस्सा सांगितला. एरवी ती हसते, "आल्या आमच्या फौजदारीणबाई, कुणाला धरलंत आज?" म्हणते. आज ताट सरकवून उठली. म्हणे भूक नाही.

९ मार्च, रविवार

ताईचं काहीतरी चाललंय.

दर गुरुवारी दुपारी ग्रंथालयात जाते म्हणते. जानेवारीपासून एकच पुस्तक आणलंय, जाडजूड. आज खूण पाहिली, बाविसाव्या पानावर. महिन्यापूर्वीही बाविसाव्याच पानावर होती! बाविसाव्या पानावर एवढं काय आहे म्हणून वाचून पाहिलं. एक माणूस गाडीची वाट बघतोय, बस.

घरी जेवण कमी झालंय. म्हणजे बाहेर खाते. कुणाबरोबर?

भावजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, त्याला जूनमध्ये दोन वर्षं होतील. त्याआधी वीस वर्षं मी "चार दिवस ये" म्हणत होते, आणि ती शिवणकामाची ढाल पुढे करायची. ऑर्डरी आहेत, गिऱ्हाइकं आहेत. भावजींचं झालं आणि पंधरवड्यात तिचा फोन आला, "धाकटे, येऊ का कायमची?" मला इतका आनंद झाला की चार खोल्यांना रंग काढला. मी लग्न केलं नाही. येणाऱ्या प्रत्येक स्थळाची पडताळणी करायचे, असं ताई सगळ्यांना सांगते. ते काही अगदी खोटं नाही.

आल्याच्या आठवड्यातच तिचं नाव मी कंपनीच्या कुटुंब विम्यात घातलं. "कशाला उगाच," एकदा म्हणाली. सही मात्र केली.

तिचीही मुदत जूनमध्येच संपते. देवाच्या दयेने धडधाकट आहे.

११ मार्च, मंगळवार

सुनावणीसाठी माझा विषय ठरला: 'आजार लपवणारे'. साहेब म्हणाले, "तुमच्याइतकं हे कोण जाणतं!"

१३ मार्च, गुरुवार

गेले मागोमाग. अर्ध्या दिवसाची रजा टाकून! लाज वाटली, पण पाय थांबले नाहीत.

ग्रंथालयाच्या दारावरून ताई सरळ पुढे गेली. बाजाराच्या मागच्या रस्त्याला टायरचं दुकान आहे, त्याच्यावर एक हॉल. खाली फलक: 'कधीपासून? विचारू नका!' योजनावाल्यांचं ठाणं! विधेयकाच्या बाजूने घसा फोडणारे सगळे इथलेच. पुढच्या जिन्यात चपलांचा ढीग होता, वर माइकवरून कुणीतरी ओरडत होतं.

ढिगात ताईच्या चपला नव्हत्या. दोनदा पाहिलं. मग इमारतीला वळसा घातला. मागे लोखंडी जिना, त्याच्या वरच्या पायरीवर सात-आठ जोड, आणि त्यात ताईचे तपकिरी पट्टे. दार बंद.

म्हणजे साधी सभासद नाही. आतल्या गोटातली! माझी सख्खी बहीण, माझ्या घरात राहून, माझ्या पोटावर पाय देणाऱ्यांच्या आतल्या खोलीत बसते.

१४ मार्च, शुक्रवार

विचारलं. ती भाजी निवडत होती.

"टायरच्या दुकानावर जातेस तू?"

सुरी थांबली. माझ्याकडे पाहिलं. आधी घाबरली होती, हे मी नक्की सांगते. मग चेहरा सैल पडला.

"योजनावाल्यांकडे? हो. जाते."

"मागच्या दाराने?"

"पुढे गर्दी असते गं."

इतक्या सहज कबूल होणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. सहज कबूल करतात ते मोठं काहीतरी झाकायला. पण याहून मोठं ते काय असणार?

१७ मार्च, सोमवार

ताईला वाचा फुटलीय! जन्मात जिने वर्तमानपत्राचा उपयोग कपड्यांचे कागदी साचे कापायला केला, ती आज चहाबरोबर विधेयक घेऊन बसली.

"आग लागली की बंब येतो," म्हणते. "तो विचारतो का, ठिणगी कधी पडली होती?"

मी म्हटलं, "सगळ्या गावाला एकच बंब असेल तर तुझं घर जळून झाल्यावर येईल. रांगा लागतील रांगा."

"रांगेत कधीतरी नंबर लागतो. तुझ्याकडे रांग नाही, सरळ दारच बंद."

"आणि याचे पैसे कोण भरणार? तू का मी?"

"आपणच. आत्ता तरी कोण भरतंय?"

कुणी पढवलंय हिला? कारण पढवलेलंच आहे हे, मध्येच अडखळते, शब्द आठवते. पण खरं लिहायचं तर मजा आली. भावजी गेल्यापासून आम्ही इतकं भांडलो नव्हतो. शेवटी दोघीही हसायला लागलो. हसता हसता तिने कूस धरली. म्हणाली, "पुरे गं, पोटात दुखायला लागलं."

२० मार्च, गुरुवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बिस्किटं होती! म्हणजे बातमी चांगली, पण कुणासाठी?

"घरचं कुणी त्या लोकांत ऊठबस करतं का?"

"माझी मोठी बहीण कधी कधी व्याख्यान ऐकायला जाते."

"अच्छा. वय झालं की करमत नाही माणसाला."

बस, एवढंच. पण कळलं कसं यांना? लंबूनेच लावलं असणार. त्याच्या सासऱ्याचं घर त्याच रस्त्याला आहे. गोड बोलणारा माणूस, संशय कसा येणार? मीही गोडच बोलते की.

२४ मार्च, सोमवार

सुनावणी झाली.

नगरसभागृह खच्चून भरलेलं. पहिल्या तीन रांगांत आमचेच 'नागरिक', सगळ्यांच्या हातात सारखा कागद, सारखी घडी. मागे योजनावाले, पिवळ्या फिती लावून. एक म्हातारे गृहस्थ बोलले की सरकारी दवाखान्यात त्यांना नंबर लागेपर्यंत पाय गमवावा लागला, तेव्हा सरकारवर विसंबू नका. लगेच एक मुलगी उठली, तिच्या आईला कंपनीने नकार दिला तेव्हा तिने शिक्षण सोडलं. दोघंही खरं बोलत होते. मला ते ऐकू येतं, धंदाच आहे माझा. दोघंही खरं बोलत असले की काय करायचं, हे मात्र मला कधी कुणी शिकवलेलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. 'एक सामान्य गृहिणी'! वाचलं: "प्रामाणिक माणसाला प्रश्नाची भीती कशाला? काही लोक आजार लपवतात, आणि त्यांच्यामुळे तुमचा-आमचा हप्ता वाढतो." टाळ्या पडल्या. पहिल्या तीन रांगांतून.

मागून एक हात वर झाला. ताई! पिवळी फीत नाही, काही नाही.

"या बाईंना एक विचारायचंय," म्हणाली. "माणसं आता डॉक्टरांशीसुद्धा खोटं बोलायला लागलीयेत. ते कुणाच्या भीतीने?"

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी. मागच्या रांगा टाळ्या वाजवत राहिल्या, आणि ताई बसली.

ती बसली कशी, हे मी पाहिलं. आधी हात खुर्चीच्या पाठीला, मग एका कुशीवर हळूच टेकली, आणि दुसरा हात आपसूक बरगडीखाली. अशी बसणारी माणसं मी रोज बघते. नवं दुखणं आलेला माणूस असा बसत नाही. नव्या दुखण्याचा माणूस धपकन बसतो आणि मग कळवळतो. इतकं जपून बसायला शरीराला शिकावं लागतं, आणि शिकायला वेळ लागतो.

२५ मार्च, मंगळवार

ती आंघोळीला गेली तेव्हा तिची अंगठी बेसिनवर होती. भावजींनी दिलेली. सैल अंगठी बोटात राहावी म्हणून आतून दोरा गुंडाळतात, तसा गुंडाळलेला. मी खिडकीपाशी नेऊन पाहिला.

वर पांढरा दोरा, नवा कोरा. त्याखाली निळा: शेजारच्या मुलीच्या गणवेशाचा, तो तिने मागच्या वर्षी शाळा सुरू होताना शिवला. आणि सगळ्यात खाली, मळून काळपट झालेला तपकिरी. तो रंग मला पाठ आहे. माझ्या बैठकीच्या खोलीचे पडदे! ती आली त्या पहिल्याच हिवाळ्यात शिवले, आणि रीळ तेव्हाच संपलं. तपकिरी दोरा त्यानंतर घरात आलेला नाही.

म्हणजे तेव्हापासून हे बोट बारीक होतंय. नुसतं बोट नाही, सगळी ताईच. आणि मी गावभर लोकांच्या कॉटखाली वाकत फिरतेय. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

चहा देताना विचारलं. ठरवून नाही, पण आवाज आपोआप मऊ झाला. "ताई, कधीपासून होतंय गं हे?"

"काय?"

"पोटात दुखतंय ते."

"आठवडा झाला असेल. गॅस गं."

उत्तर जरा लवकरच आलं. आधीपासून तयार ठेवलेलं उत्तर असंच येतं.

२६ मार्च, बुधवार

हट्टाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण नीट ऐकून घेतात. पोट दाबून पाहिलं.

"कधीपासून?"

"आठवडा," ताई म्हणाली.

"वजन उतरलंय? भूक?"

"छे, छे. सगळं व्यवस्थित."

"आधी कधी असं?"

"कधीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. घरच्यांकडे बघतातच डॉक्टर. मला फक्त तोंड उघडायचं होतं. पडद्यांचा दोरा, खाल्लेलं-न-खाल्लेलं, सगळं जिभेवर होतं. आणि त्याचबरोबर डोक्यात हेही, की इथे एकदा 'वर्षभर' असं लिहिलं गेलं की ते पुसलं जात नाही. जून काही फार लांब नाही. तोवर गोळ्यांवर निभलं तर?

मी गप्प बसले.

"आठवड्याचंच असेल तर गोळ्या देते. पंधरा दिवसांनी या. नाही थांबलं तर तपासण्या करू."

बाहेर आल्यावर ताईने माझा हात दाबला. शाबासकी दिल्यासारखा! मला स्वतःची किळस आली.

२७ मार्च, गुरुवार

ताईला घरी थांबवलं आणि मीच गेले, टायरच्या दुकानामागे. लोखंडी जिना चढले, दार ढकललं.

कसली आतली समिती नि कसलं काय! एक खोली, मधे पडदा, बाकावर पाच-सहा माणसं. पडद्याआड एक म्हातारे डॉक्टर, आठवड्यातून एकदा फुकट तपासतात. नाव विचारत नाहीत, लिहीत नाहीत. लोक इथे का येतात ते मला कुणी सांगायला नको. कुठेही नोंद होऊ नये म्हणून येतात. माझ्यासारख्या बायांपासून लपायला.

मी ताईचं वर्णन केलं. त्यांनी चष्मा काढला.

"बाविसाव्या पानावर बोट ठेवून बसतात, त्या? वर्षभर येतायत. पोटात गाठ लागते हाताला. मोठ्या दवाखान्यात जा म्हणून सांगून सांगून थकलो. म्हणतात, जूननंतर जाईन."

"जूननंतर का, ते विचारलंत?"

"आम्ही इथे का विचारत नाही," म्हणाले. "आपण कोण त्यांच्या?"

मी म्हटलं, बहीण. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणजे घरच्या फौजदारीणबाईंबद्दल इथेही सांगून झालेलं दिसतंय.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी भांडण. भांडण कसलं, मी एकटीच ओरडत होते. वर्षभर! गाठ! माझ्या घरात! ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तूच सांगायचीस ना जेवताना. अमक्याने तोंड उघडलं आणि गेलं. तमक्याने डॉक्टरला खरं सांगितलं आणि गेलं. मला कळतं गं ऐकलेलं. मी नाही उघडलं तोंड."

मला रडू आवरेना. मी शिकवलं आणि माझ्याच घरात कुणीतरी शिकलं. लंबूपेक्षा कितीतरी चांगलं शिकलं.

दुपारी तिला घेऊन परत डॉक्टरीणबाईंकडे. या वेळी मी बोलले. दीड वर्ष तरी नक्की, वजन उतरतंय, भूक नाही, हाताला गाठ लागते असं दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं. डॉक्टरीणबाईंचं लिहिणं मध्येच थांबलं. आवाज एकदम बदलला. त्याच दुपारी तपासण्या सांगितल्या.

ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जिंकलात, फौजदारीणबाई."

३१ मार्च, सोमवार

गाठ मोठी आहे. काढायलाच हवी, आणि लगेच. पंधरा दिवस थांबलो असतो तरी महागात पडलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मला दोष दिला नाही. द्यायला हवा होता.

भरती केलं. कॉटखाली तिच्या चपला मीच ठेवल्या. मागे, पार भिंतीला.

२ एप्रिल, बुधवार

दवाखान्याने नियमाप्रमाणे विम्याचा अर्ज पाठवला, आणि नियमाप्रमाणे माणूस आला. लंबू! साहेबांनी मुद्दाम यालाच धाडला असणार.

आधी कॉटखाली वाकला. आता शिकलाय. मग स्टूल ओढलं, दांडीवर हात ठेवला. "ताई, कधीपासून होतंय हो हे?" माझाच आवाज. शब्द, सूर, मधलं थांबणं, सगळं माझंच! किती खरा वाटतो तो प्रश्न!

"आठवडा," ताई म्हणाली. अजूनही!

लंबूने मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "बाई, डॉक्टरांनी दीड वर्ष लिहिलंय. तुमच्याच सांगण्यावरून. पण मी ते पान पाहिलं नाही असं धरू? आठवडाच लिहितो. तुमच्यासाठी एवढी डोळेझाक..."

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खरं होतं का? माझ्या डोळ्यांतही वेळेला पाणी येतं. साहेबांनी सापळा लावला असेल. मी 'हो' म्हटलं की नोकरी गेली, आणि वर गुन्हा. किंवा तो खरंच आतून बोलत असेल. त्याच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ पाहिलं, नाही कळलं. लोकांना इतकी वर्षं वाचणारी मी, आणि एक साधा भला माणूस समोर आहे की नाही हे मला सांगता येईना.

"जे आहे ते लिही," म्हटलं.

तो मान खाली घालून गेला. जिन्यावरून परत फिरून आला, आणि आपला डबा माझ्या हातात ठेवून गेला. "जेवला नसाल," म्हणाला. बहुधा खराच होता. आता काय उपयोग!

अर्ज नामंजूर होणार. माझी निवृत्तीची ठेव आहे, ती मोडते.

५ एप्रिल, शनिवार

काढली गाठ. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की पसरलेलं दिसत नाही, पण प्रयोगशाळेतून कळेपर्यंत आशा जपूनच ठेवा. जपूनच ठेवलीय. आशेवर माझा कधी फार विश्वास नव्हता.

७ एप्रिल, सोमवार

विधेयक पुढच्या अधिवेशनावर ढकललं. रेडिओवर सांगितलं. वॉर्डात कुणी ओरडलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. समोरच्या कॉटवरच्या बाईने आवाज कमी केला, बस.

साहेबांचा फोन, "आपलं कुटुंब तुमच्या पाठीशी आहे." राजीनामा अजून दिलेला नाही. पण तो प्रश्न मला आता कुणाच्या कॉटपाशी बसून विचारता यायचा नाही.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी ताईला उशीला टेकवून बसवलं. अंगठी बोटात घालून दिली. निसटली, परत घातली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, लिहून घेणारं कुणी नव्हतं. विचारलं, "कधीपासून होतं गं हे? खरं सांग."

"कोण विचारतंय?"

"धाकटी."

तिने अंगठी बोटाशी घट्ट धरली. मग म्हणाली, "तुझ्याकडे आले त्याच्या आधीपासून. म्हणूनच आले."

यापुढचा प्रश्न मला पाठ आहे: विम्यासाठी, का माझ्यासाठी? विचारला नाही. पेल्यात पाणी ओतलं, आणि ती पिऊन होईपर्यंत पेला धरून ठेवला.